'कळ' या छोट्या शब्दाची कुळकथा



आपल्या शाळेच्या संगणक कक्षात प्रत्येक टेबलावर एक कळफलक आहे. मुले त्याला कीबोर्ड म्हणतात, आणि त्यात काही वावगे नाही. मराठीच्या तासाला मात्र 'कळफलक' हा शब्द आला की हमखास एक प्रश्न येतो : कळ तर पोटात येते, ती फलकावर कुठून आली?

प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. इंदुरातल्या मराठी घरांत आज 'कळ' हा शब्द दुखण्यापुरताच उरला आहे. दिव्याचे बटन, मोबाईलचे बटन, मिक्सरचे बटन असेच मुले म्हणतात आणि आपणही म्हणतो. त्यामुळे 'कळफलक' हा शब्द मुलांना कुणीतरी पुस्तकात बसून बनवलेला, परका वाटतो. म्हणून या अंकात आम्ही या दोन अक्षरी शब्दाची कुळकथा सांगायचे ठरवले आहे. आमचे स्वतःचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले, त्यामुळे हा शब्द आम्ही दोन्ही अंगणांतून पाहिला आहे. तो परका तर नाहीच, उलट आपल्या आणि आपल्या शेजाऱ्यांच्या घरातला फार जुना रहिवासी आहे.

कळ म्हणजे काय?

आधी अर्थ पाहू. मराठीत 'कळ' चार तऱ्हांनी येते.

"आजीच्या गुडघ्यातून कळ आली." येथे कळ म्हणजे वेदना.

"जरा कळ काढ, बस येईलच." येथे कळ काढणे म्हणजे धीर धरणे, सोसणे.

"उगीच त्याची कळ काढू नकोस." येथे तेच शब्द, पण अर्थ खोडी काढणे. दोघांत भांडण लावून देणाऱ्याला आपण कळलाव्या म्हणतो.

"दिव्याची कळ दाब." येथे कळ म्हणजे खटका, यंत्राचा तो छोटा भाग जो हलवला की मोठे काम सुरू होते. वर्तमानपत्रात "मंत्रिमहोदयांनी कळ दाबून प्रकल्पाचे उद्घाटन केले" असे आपण वाचतो, ती हीच कळ.

पहिले तीन अर्थ आज बाजूला ठेवू. आपल्याला चौथीची गोष्ट सांगायची आहे.

कला, कळा आणि कळ

यंत्राची कळ संस्कृतातील 'कला' या शब्दापासून आली. कला म्हणजे कौशल्य, करामत, युक्ती. कला म्हणजे लहानसा भागही, म्हणून चंद्राच्या सोळा कला. या दोन्ही अर्थांची छाया कळेत आहे. ती यंत्राचा एक लहान भाग आहे आणि सारी युक्ती तिच्यातच भरलेली आहे.

पण कलाची कळ कशी झाली? यामागे दोन साधे नियम आहेत. विद्यार्थ्यांनी ते वहीत उतरवून घ्यावेत, कारण ते शेकडो शब्दांना लागू पडतात.

पहिला नियम असा की संस्कृतातील आकारान्त स्त्रीलिंगी शब्दांचा शेवटचा 'आ' मराठीत पुष्कळदा गळून पडतो. मालाची माळ झाली, वेलाची वेळ झाली, जिह्वेची जीभ झाली, जंघेची जांघ झाली. तसे कलाचे कळ. शब्दाची रूपेही माळ आणि वेळ यांच्यासारखीच चालतात. वेळ, वेळा, वेळेवर. तसे कळ, कळा, कळेवर.

दुसरा नियम अधिक मौजेचा. संस्कृतात दोन स्वरांच्या मधे एकटा 'ल' असेल तर मराठीत त्याचा 'ळ' होतो. फल - फळ, बल - बळ, जल - जळ, कुल - कुळ, काल - काळ. पण जिथे प्राकृतात 'ल्ल' असा जोडलेला उच्चार होता तिथे मराठीत 'ल' तसाच राहिला. गल्लचा गाल झाला, फुल्लचे फूल झाले. म्हणूनच एकाच झाडावर आपण 'फूल' म्हणतो आणि 'फळ' म्हणतो. एकात ल, दुसऱ्यात ळ, आणि दोन्ही नियमाने.

आता याच नियमाने एक कोडे सुटते. हिंदीत 'कल' म्हणजे उद्या, 'कल' म्हणजे काल, आणि 'कल' म्हणजे यंत्रही. यातला दिवसाचा 'कल' संस्कृत 'कल्य' म्हणजे पहाट या शब्दातून आला. कल्यचे प्राकृतात 'कल्ल' झाले. यंत्राची 'कल' मात्र 'कला' या शब्दातून आली. हिंदीत दोन्ही वाटा एकाच दारी येऊन मिळाल्या. मराठीत त्या वेगळ्या राहिल्या. कल्यचा, म्हणजे 'ल्ल'चा, झाला 'काल'. कलाची, म्हणजे एकट्या 'ल'ची, झाली 'कळ'. दोन हजार वर्षांपूर्वीचा उच्चारातला फरक आपली जीभ आजही पाळते, आणि तोही व्याकरण न शिकता.

'ळ' हे अक्षर केवळ मराठीचे आहे, असे कुणी समजू नये. ऋग्वेदाच्या अगदी पहिल्या ऋचेत ळ आहे. गुजरातीत आहे, राजस्थानीत आहे, आणि आपल्या शेजारच्या खेड्यांतून बोलल्या जाणाऱ्या माळवीतही आहे. शाळेत शिकवल्या जाणाऱ्या हिंदीत तेवढे ते नाही.

शेजाऱ्यांच्या घरची कळ

हिंदीत 'कल' हा यंत्रवाचक शब्द चांगलाच रुळलेला आहे. कल-कारखाने, कल-पुर्जे हे शब्द तर आपल्या मुलांच्या हिंदी पुस्तकांतही येतात. उत्तर प्रदेशातील शहरांत पाणीपुरवठा पाहणाऱ्या खात्याला जलकल विभाग म्हणतात. बिहारमध्ये हातपंपाला चापाकल म्हणतात, कारण तो चापून म्हणजे दाबून पाणी काढायचे असते. "ऊँट रे ऊँट, तेरी कौन-सी कल सीधी" ही म्हण इंदुरात कोणी ऐकली नसेल? त्यातली 'कल' म्हणजे अंग, बाजू. भाग हा जुना अर्थ तिथे टिकून राहिला आहे.

बंगालीत तर 'कल' शब्दाचे राज्यच आहे. तागाच्या गिरणीला चटकल म्हणतात, नळाच्या पाण्याला कलेर जल, आणि ग्रामोफोन नवा होता तेव्हा त्याला बंगाली माणसाने कलेर गान, म्हणजे यंत्राचे गाणे, असे सुरेख नाव दिले होते.

गुजरातीत मराठीप्रमाणेच ळ आहे, तिथेही तो शब्द 'कळ'च आहे. बडोद्याचे आपले मराठी बांधव एक गुजराती म्हण नेहमी ऐकत असतील की जे काम कळने होते ते बळाने होत नाही. येथे कळ म्हणजे युक्ती. शक्तीपेक्षा युक्ती श्रेष्ठ, हेच आपणही म्हणतो. यंत्राचे सारे शास्त्र या एका म्हणीत आले, कारण यंत्र म्हणजे तरी काय, थोड्या बळात मोठे काम करण्याची युक्तीच.

कलदार रुपया

या शब्दाने एके काळी आपल्या पूर्वजांच्या खिशातही जागा मिळवली होती. जुन्या माणसांच्या तोंडी 'कलदार' हा शब्द असे. कल अधिक दार. दुकानदार, जमीनदार यांतला जो 'दार' हा फारसी प्रत्यय, तोच येथे आहे. कलदार म्हणजे यंत्राने पाडलेला रुपया.

त्याआधी नाणी हाताने पाडली जात. चांदीचा तुकडा दोन ठशांच्या मधे ठेवायचा आणि वर हातोडा मारायचा. नाणे कधी पूर्ण गोल होई, कधी नाही, ठसा कधी बाजूला सरके. शिवाय कडा गुळगुळीत असल्यामुळे लबाड माणूस ती हळूच कातरून चांदी काढून घेई. प्रत्येक संस्थानाचा आणि टांकसाळीचा रुपया निराळा. नाशिककडे चांदवडी, बडोद्यात बाबाशाही, हैदराबादेत हाली. एका गावचा रुपया दुसऱ्या गावी नेला की सराफ तो पारखून बट्टा कापत असे.

मुंबईच्या टांकसाळीची इमारत १८२९ साली पूर्ण झाली. तिथली यंत्रे वाफेच्या इंजिनांवर चालत. कलकत्त्याची नवी टांकसाळही त्याच वर्षी सुरू झाली. १८३५ साली कंपनी सरकारने आपल्या मुलखासाठी एकाच वजनाचा, म्हणजे एक तोळा भाराचा, रुपया ठरवला. यंत्राने पाडलेल्या या रुपयाला बारीक दाते असलेली कड असे. कुणी ती कातरली तर लगेच दिसून येई. लोकांनी त्या दात्यांवरून आणि गोलाईवरून ओळखले की हा हाताचा नाही, कळेचा आहे, आणि त्याला नाव पडले कलदार. हैदराबाद संस्थानात तर पुढेही दोन रुपये शेजारी शेजारी चालत राहिले. सात हाली रुपये म्हणजे साधारण सहा कलदार, असा हिशेब तिथल्या मराठी घरांतल्या आजोबांना तोंडपाठ असे.

येथे टांकसाळ हा शब्द आला आहे, त्याच्याकडेही पाहून घेऊ. संस्कृतात टंक म्हणजे छिन्नी, आणि टंक म्हणजे नाणेही. पाथरवटाच्या हातातली टाकी याच घराण्यातली. टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही, ही म्हण मुलांना माहीत आहेच. टंकशाला म्हणजे टांकसाळ, हिंदीत टकसाल. पुढे टाईपरायटर आला तेव्हा कागदावर ठसा उमटवणाऱ्या या यंत्रासाठी आपण हाच जुना टंक उचलला आणि टंकलेखन हा शब्द तयार केला. नाणे पाडणे आणि अक्षर उमटवणे, दोन्हीकडे ठसा आहे आणि दोन्हीकडे कळ आहे.

कळसूत्री बाहुल्या

कळेचे आणखी एक घर कोकणात आहे. सिंधुदुर्ग जिल्ह्यात कुडाळजवळ पिंगुळी गावचे ठाकर कलाकार पिढ्यानपिढ्या कळसूत्री बाहुल्यांचा खेळ करीत आले आहेत. कळ आणि सूत्र, म्हणजे युक्ती आणि दोरा. सूत्रधार वर बोट हलवतो आणि खाली बाहुली मान डोलावते. या कलेबद्दल परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली.

दुसऱ्याच्या तालावर नाचणाऱ्या माणसाला आपण कळसूत्री बाहुले म्हणतो, तेव्हा हीच प्रतिमा डोळ्यांसमोर असते. हिंदीतही कुणाची 'कल' कुणाच्या हातात असते, म्हणजे तो त्याच्या मर्जीप्रमाणे वागतो.

किल्ली, चावी, कुंजी आणि की

आता आपण टेबलावरच्या कळफलकाकडे येऊ. इंग्रजीत कुलपाच्या किल्लीलाही 'की' म्हणतात, वाद्याच्या पट्टीलाही 'की', तारयंत्राच्या खटक्यालाही 'की' आणि संगणकाच्या बटनालाही 'की'च. हा शब्द आपल्या भाषांत आणायची वेळ आली तेव्हा प्रत्येक भाषेने आपापली वाट निवडली.

हिंदीने कुलपाचा अर्थ धरला. संस्कृत कुंचिका म्हणजे किल्ली, तिची हिंदीत कुंजी झाली, म्हणून कीबोर्ड झाला कुंजीपटल. शब्द भारदस्त आहे. पण कुंजी म्हटल्यावर विद्यार्थ्यांना कुलूप आठवत नाही आणि संगणकही आठवत नाही. परीक्षेच्या आदल्या आठवड्यात बाजारातून आणलेले प्रश्नोत्तरांचे पुस्तक आठवते! त्या कुंजीबद्दल आमचे मत पालकांना ठाऊक आहेच, ते येथे पुन्हा सांगत नाही.

मराठीत कुलपासाठी दोन शब्द आहेत. किल्ली ही 'कील' म्हणजे खुंटी किंवा खीळ या घराण्यातली. चावी मात्र दर्यापारची आहे. पोर्तुगीज भाषेत किल्लीला 'शाव्ह' म्हणतात, तोच शब्द जुन्या उच्चाराने या देशात उतरला आणि मराठीत चावी, हिंदीत चाबी झाला. त्या पोर्तुगीज शब्दाचे मूळ लॅटिन 'क्लाविस'. गंमत अशी की त्याच क्लाविसपासून फ्रेंच भाषेत 'क्लाविए' शब्द झाला आणि फ्रेंच लोक आजही संगणकाच्या कळफलकाला क्लाविए म्हणतात. म्हणजे आपल्या कपाटाची चावी आणि पॅरिसचा कळफलक हे दूरचे भाऊबंद ठरले.

पण मराठीने कळफलकासाठी किल्ली घेतली नाही, चावीही घेतली नाही. कुलपात घालून फिरवायची ती किल्ली. संगणकावर आपण काही फिरवत नाही, दाबतो. दाबली की आतली युक्ती चालते, ती कळ. नाव ठेवताना मराठीने इंग्रजी शब्दाकडे न पाहता वस्तूच्या कामाकडे पाहिले. हार्मोनियमच्या बाबतीतही असेच झाले आहे. तिथे आपण पट्टी म्हणतो, कारण ती दिसते पट्टीसारखी, आणि गायक "काळी चार" किंवा "पांढरी एक" असे म्हणून आपला सूर सांगतो. परका शब्द जसाच्या तसा उलथवून ठेवण्यापेक्षा हे अधिक शहाणपणाचे आहे, असे आम्हांस वाटते.

कळेच्या पोटात काय असते?

टाईपरायटरची कळ खरोखरच यंत्राची कळ होती. बोटाने ती दाबली की तरफ उचलली जाई, तरफेच्या टोकाचे अक्षर शाईच्या फितीवर आपटे आणि कागदावर ठसा उमटे. अमेरिकेतील रेमिंग्टन कंपनीचा पहिला टाईपरायटर १८७४ साली विक्रीला आला, तेव्हा त्यावर इंग्रजीची फक्त मोठी अक्षरे होती. १८७८ सालच्या दुसऱ्या यंत्रात प्रत्येक तरफेवर दोन अक्षरे बसवली आणि एक नवी कळ दिली. ती दाबली की यंत्राचा भाग सरकत असे आणि दुसरे अक्षर कागदासमोर येई. इंग्रजीत सरकवण्याला शिफ्ट म्हणतात, म्हणून ती शिफ्टची कळ. आज संगणकात काहीच सरकत नाही, तरी नाव तेच राहिले.

भारतात १९५५ साली गोदरेज कंपनीने आपला टाईपरायटर बाजारात आणला. कोर्टाबाहेर झाडाखाली बसलेल्या टंकलेखकांची खटखट आजच्या पालकांपैकी अनेकांनी ऐकली असेल. देवनागरीच्या यंत्रात मोठी अडचण होती. अक्षरे, मात्रा, जोडाक्षरे पुष्कळ आणि कळा मोजक्या. म्हणून अनेक अक्षरांचे अर्धे रूप आधी उमटवायचे आणि मग उभा काना जोडून ते पूर्ण करायचे, अशी तडजोड केलेली होती. कोणती कळ कुठे, हे पाठच करावे लागे.

संगणकाची कळ याहून साधी आहे. तिच्याखाली विजेचा एक जोड असतो. कळ दाबली की तो मिळतो. कळफलकातील एक छोटीशी चकती सर्व कळांच्या आडव्या-उभ्या रांगा सेकंदाला अनेक वेळा तपासत असते. ज्या ठिकाणी आडवी आणि उभी रांग जुळते तिथली कळ दाबली गेली, असे तिला समजते आणि ती संगणकाला एक क्रमांक कळवते. त्या क्रमांकाला कोणते अक्षर द्यायचे ते संगणक ठरवतो. म्हणूनच एकाच कळफलकावर इंग्रजी, हिंदी आणि मराठी तिन्ही लिहिता येतात. कळ तीच, संगणकाला सांगायचे एवढेच की आता भाषा बदलली.

मोबाईलच्या काचेवर तर कळही नाही, कळेचे चित्र आहे. बोट टेकले की त्या जागेचा विजेचा भार किंचित बदलतो आणि मोबाईलला जागा समजते. तरीही आपण "दाब" असेच म्हणतो.

ल आणि ळ एकाच कळेवर

आता या लेखातला मुख्य मुद्दा. आपल्या मुलांपैकी बहुतेक जण मोबाईलवर मराठी लिहितात, पण इंग्रजी अक्षरांत. के, ए, एल अशी तीन अक्षरे त्यांनी आजीला पाठवली तर आजीने काय वाचायचे? काल, काळ, कल की कळ? "पोटात कळ आली" आणि "काल आली" यांतला फरक इंग्रजी अक्षरांत दिसतच नाही. फूल आणि फळ यांतला ल-ळ तिथे एक होतो, बाल आणि बाळ एक होतात, गाल आणि गाळ एक होतात. जो भेद आपल्या भाषेने दोन हजार वर्षे जपला तो तीन अक्षरांत पुसला जातो. मुले हिंदी वातावरणात वाढतात, कानावर ळ कमीच पडतो. डोळ्यांनाही तो दिसेनासा झाला तर जिभेवर किती दिवस टिकेल, हा प्रश्न आम्हांला काळजीचा वाटतो.

उपाय मात्र अगदी जवळ आहे. भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८६ साली सर्व भारतीय भाषांसाठी कळफलकाची एक समान मांडणी ठरवली. १९८८ साली तिच्यात सुधारणा झाली आणि १९९१ साली ती भारतीय मानकात समाविष्ट झाली. या मांडणीला इन्स्क्रिप्ट म्हणतात. या कामाची पायाभरणी आय.आय.टी. कानपूर येथे झाली आणि पुढे पुण्याच्या सी-डॅक संस्थेत ते वाढले. आज बहुतेक सर्व संगणकांत ही मांडणी आधीच भरलेली असते, वेगळे पैसे पडत नाहीत.

तिची रचना आपल्या वर्णमालेवर बेतलेली आहे. डाव्या हाताकडे स्वर आणि मात्रा, उजव्या हाताकडे व्यंजने. एकाच कळेवर जोडीची अक्षरे. साधी दाबली तर क, शिफ्टसह दाबली तर ख. तसेच ग-घ, त-थ, द-ध, प-फ, ब-भ. ज्याला बाराखडी येते त्याला निम्मा कळफलक आधीच आलेला असतो. टाईपरायटरसारखी अर्धी अक्षरे जुळवावी लागत नाहीत. जोडाक्षरासाठी मधे हलन्ताची कळ दाबली की पुरे. मराठीला तऱ्हा, वऱ्हाड यांसाठी लागणारा वेगळा र सुद्धा साध्या र च्याच कळेवर शिफ्टसह आहे.

आणि ळ कुठे आहे? इंग्रजी 'एन'च्या कळेवर. ती नुसती दाबली तर ल, शिफ्टसह दाबली तर ळ. क दाबून ल दाबला की हिंदीतली कल होते. क दाबून शिफ्टसह तीच कळ दाबली की मराठीतली कळ होते. दोन्ही भाषांचे नाते समजावून सांगायला याहून चांगले चित्र आम्हांस सुचत नाही. घर एकच, कळ एकच, फरक एका शिफ्टचा. युनिकोड या जागतिक संकेतातही ल च्या शेजारचाच पुढचा क्रमांक ळ ला दिलेला आहे.

आम्ही काय ठरवले आहे?

या सत्रापासून इयत्ता आठवीच्या मुलांना आठवड्यातून एक तास इन्स्क्रिप्ट मांडणीवर देवनागरी टंकलेखन शिकवले जाईल. पहिले दोन महिने वेगाकडे लक्ष द्यायचे नाही, न पाहता योग्य बोट योग्य कळेवर पडावे, एवढेच पाहायचे. वर्षाच्या शेवटच्या अंकातील विद्यार्थी-विभाग मुलांनीच टंकलिखित करावा, अशी आमची इच्छा आहे. हिंदीच्या पेपरासाठीही हेच कौशल्य जसेच्या तसे उपयोगी पडेल. मराठीसाठी वेगळा वेळ गेला, असे कोणत्याही पालकांनी मनात आणू नये.

घरी आपण तीन गोष्टी कराव्यात, ही विनंती. मोबाईलमध्ये मराठी कळफलक सुरू करावा आणि मुलांना निदान आजी-आजोबांना तरी देवनागरीतच लिहू द्यावे. सुरुवातीला वेळ लागेल, तेव्हा आपण थोडी कळ काढावी. दुसरे, "लाईटचे बटन दाब" या ऐवजी अधूनमधून "दिव्याची कळ दाब" असे म्हणून पाहावे. मुले पहिल्या दिवशी हसतील, आठव्या दिवशी स्वतः म्हणू लागतील. बटन शब्दाशी आमचे भांडण नाही. तोही आता आपलाच आहे. घरात दोन शब्द असले तर घर काही लहान होत नाही. तिसरे, घरातील वडीलधाऱ्यांना विचारावे की त्यांच्या लहानपणी कोणकोणत्या वस्तूंना कळ असे. कुलपाला, छत्रीला, शिवणयंत्राला, घड्याळाला, आणखी कशाला?

मुलांनी ती उत्तरे एका कागदावर, ज्यांना जमेल त्यांनी संगणकावर, देवनागरीत लिहून महिनाअखेरपर्यंत आपल्या वर्गशिक्षकांकडे द्यावीत. सोबत सांगणाऱ्या आजी-आजोबांचे मूळ गाव लिहावे, म्हणजे कोणता शब्द कुठून इंदुरात आला हेही समजेल. निवडक उत्तरे पुढील अंकात छापू.